लवादाचा निवाडा विरोधात गेला: कोर्टात आव्हान की तडजोड?

निवाड्याचा लिफाफा फोडल्यावर माझा पहिला फोन वकिलांना गेला आणि पहिला प्रश्न होता, "हे उलटवता येईल ना?" डिसेंबर 2018 मध्ये असं विचारून मी कोर्टात गेलो. जानेवारी 2023 मध्ये वेगळ्या पुरवठादाराबरोबरचा दुसरा निवाडा आला, तेव्हा तडजोड केली. दोन्ही वेळा माल एकच, आफ्रिकेतून आलेली काजू बी. दोन्ही वेळा तक्रारही एकच, उतारा, म्हणजे बीतून निघणारा चांगला गर, कमी. कुडाळ-कणकवली भागातल्या तिघा-चौघांनी गेल्या वर्षभरात मला याबद्दल विचारलं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मी कारखानदार आहे, वकील नाही. तुमचा निवाडा तुमच्या वकिलांना नीट वाचू द्याच. पण काही गोष्टी वकील सांगतात आणि त्या वेळी आपल्या कानात शिरत नाहीत, त्या मी सांगू शकतो.

लवाद म्हणजे काय, सौदापत्रातलं ते कलम कसं असतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. निवाडा हातात आहे, तो पूर्ण किंवा अर्धामुर्धा विरोधात आहे आणि तीन महिन्यांचं घड्याळ सुरू झालं आहे, इथून पुढचं बोलू.

आधी त्या घड्याळाबद्दल, कारण दोन्ही रस्ते त्याच्याच ताब्यात आहेत. 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 34 खाली आव्हान द्यायचं तर निवाड्याची सही असलेली प्रत हातात पडल्यापासून तीन महिने. सबळ कारण असेल तर वर तीस दिवस. त्यानंतर कोर्ट तुमची बाजू कितीही खरी असली तरी अर्ज घेऊ शकत नाही. आपल्याकडे यात एक खास धोका आहे, मे महिन्याची सुट्टी. मूळ तीन महिने सुट्टीत संपले तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो. पण वरचे तीस दिवस सुट्टीत संपले तर ती सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितलं आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरच्याशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. "बोलतोय ना आपण, कशाला घाई" असं म्हणत समोरची व्यक्ती तीन महिने सहज काढते. माझ्या एका परिचितांचं असंच झालं. बोलणी फिसकटली त्या दिवशी एकशे तिसावा दिवस होता.

आता पहिला रस्ता, कोर्टाचा. 2017 मध्ये मी दोन कंटेनर बी घेतली. सौदा 47 पौंडांच्या उताऱ्यावर होता. म्हणजे 80 किलोच्या पोत्यामागे 47 पौंड चांगला गर. माझ्या कारखान्यात कटिंग केलं तर किलोभर बीत सरासरी 245 ग्रॅमच चांगला गर निघाला, म्हणजे हिशेबाने 43 पौंड. ओलावाही जास्त. मी शेवटचा 11 लाखांचा हप्ता अडवून ठेवला. समोरचे लवादात गेले, मी उलट नुकसानभरपाई मागितली. लवादाने त्यांचे 11 लाख, 12 टक्के व्याज आणि खर्च मंजूर केला. माझी मागणी फेटाळली. कारण असं दिलं की नमुना मी एकट्याने काढला, विक्रेत्याच्या माणसाला बोलावलं नाही, त्यामुळे अहवालावर भरवसा ठेवता येत नाही.

मला ते कारण तेव्हा अन्यायाचं वाटलं, आजही थोडं वाटतं. बी खराब होती. माझ्या शेडमधल्या बायका रोज सोलताना काळा, सुरकुतलेला गर वेगळा काढून माझ्यासमोर ढीग लावत होत्या. त्या ढिगाचे फोटो माझ्याकडे आहेत. म्हणून मी ठरवलं, लवादाला दिसलं नाही ते कोर्टाला दाखवू.

सौदापत्रात लवादाची सीट, म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण, मुंबई लिहिलेली होती. सही करताना ती ओळ मी वाचलीसुद्धा नव्हती. सीट जिथली, तिथलंच कोर्ट, हे 2019 च्या निकालानंतर अगदी पक्कं झालं आहे. माल कुडाळला उतरला, खराब कुडाळला निघाला, तरी अर्ज मुंबईत. रात्रीच्या कोकणकन्येने निघालो. पिशवीत दोन किलोचा सीलबंद नमुना घेतला होता, त्याच लॉटमधला, मी जपून ठेवलेला. फोर्टात वकिलांच्या ऑफिसात पोचल्यावर त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हे खोलीवर ठेवून या. इथे याला कोणी हात लावणार नाही."

माझा सगळा निर्णय पुढे याच एका गोष्टीवर फिरला, म्हणून थोडं थांबून सांगतो. कलम 34 चं कोर्ट हे अपिलाचं कोर्ट नाही. लवादाने पुराव्याचं वजन चुकीचं केलं असं तुम्हाला वाटलं तरी कोर्ट ते वजन पुन्हा करत नाही. 2015 च्या दुरुस्तीने आलेल्या पोटकलमात हे स्वच्छ लिहिलं आहे: उघड बेकायदेशीरपणा हा देशांतर्गत निवाड्याविरुद्ध मुद्दा होऊ शकतो, पण केवळ कायदा चुकीचा लावला किंवा पुरावा पुन्हा तपासायला हवा म्हणून निवाडा रद्द होणार नाही. कोर्ट बघतं ते वेगळं. तुम्हाला नोटीस मिळाली का, बाजू मांडू दिली का, लवादाने सौद्याच्या बाहेर जाऊन काही दिलं का, लवाद नेमला तो ठरल्याप्रमाणे नेमला का, फसवणूक-भ्रष्टाचार आहे का, निवाडा कायद्याच्या मूळ धोरणाला किंवा न्यायाच्या प्राथमिक कल्पनेला धक्का देतो का. उतारा 47 की 43, हा प्रश्न त्या खोलीत येतच नाही.

लवादाने माझा अहवाल पाहिलाच नसता, त्याबद्दल एक शब्दही लिहिला नसता, तर गोष्ट वेगळी होती. महत्त्वाचा पुरावा पूर्ण डावलला किंवा काहीच पुरावा नसताना निष्कर्ष काढला तर आव्हानाला जागा आहे, असं 2019 च्या सँगयाँग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पण माझा अहवाल त्यांनी पाहिला, वाचला आणि कारण देऊन नाकारला. तिथे दार बंद झालं. सुनावणीत माझ्या वकिलांनी उताऱ्याचा विषय काढला तेव्हा न्यायाधीशांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "यात कलम 34 चा मुद्दा कोणता?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

निघायच्या आधी घरी काकांनी मला हेच सांगितलं होतं. ते कधी कोर्टाची पायरी चढले नाहीत, पण चाळीस वर्षं बीचा धंदा केलेला माणूस. म्हणाले, "थंय तुजा पोता कोण उघडून बघूचो नाय. मगे कित्याक जातंस?" मी तेव्हा ऐकलं नाही.

पैशाचंही सांगतो. पूर्वी अर्ज दाखल झाला की निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबायची. 2015 नंतर तसं नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि पैशाच्या निवाड्याला कोर्ट सहसा रक्कम भरायची अट घालतं. मला सव्वातेरा लाखांपैकी साडेसहा लाख भरायला सांगितले. ते मी कॅश क्रेडिटमधून काढले, नेमके बी खरेदीच्या दिवसांत. त्या हंगामात मी नेहमीच्या निम्मी बी घेतली आणि शेड दोन महिने आधी बंद केली. 2022 मध्ये अर्ज फेटाळला गेला तेव्हा उरलेल्या रकमेवरचं व्याजच अडीच लाखांच्या आसपास गेलं होतं. कायदा म्हणतो असे अर्ज एका वर्षात निकाली निघावेत. माझा तीन वर्षांच्या वर चालला, पण मध्ये कोविड होता, त्यामुळे माझ्यावरून सरसकट अंदाज बांधू नका. कुणाचं लवकरही होत असेल.

दुसरा रस्ता, तडजोड. 2023 च्या निवाड्यात रक्कम नऊ लाखांच्या घरात होती. या वेळी मी पहिल्याच आठवड्यात दोन कामं केली.

एक म्हणजे निवाडा आकड्यांसाठी ओळ न् ओळ वाचला. मी आधीच दिलेला 80 हजारांचा एक हप्ता वजा करायचा राहून गेला होता. अशा बेरीज-वजाबाकीच्या आणि लिहिण्यातल्या चुकांसाठी कलम 33 आहे. निवाडा मिळाल्यापासून तीस दिवसांत, समोरच्याला कळवून, थेट लवादाकडेच अर्ज करायचा. कोर्ट नाही, मुंबईची फेरी नाही. चूक दुरुस्त झाली. शिवाय असा अर्ज केला की आव्हानाचे तीन महिने तो अर्ज निकाली निघाल्यापासून मोजतात. पहिल्या वेळी हे कलम मला माहीतच नव्हतं, याची खंत आहे. मात्र मुदत वाढवायची म्हणून उगाच असा अर्ज करू नका. खरी चूक असेल तरच.

दुसरं म्हणजे वकिलांना आव्हानाचा मसुदा तयार करायला सांगितला. दाखल करण्यासाठी नाही, टेबलावर ठेवण्यासाठी. तो तयार आहे हे समोरच्यांना कळलं की बोलण्याचा सूर बदलतो. त्यांनाही कोर्टाची वर्षं परवडत नाहीत. आणि त्यांना वसुली करायची तर शेवटी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, घेऊन इथे, आमच्या जिल्ह्यातच यावं लागणार. माझी जमीन, शेड, मशिनरी सगळं इथे आहे. मालमत्ता जिथे आहे तिथे थेट दरखास्त लावता येते हे 2018 पासून स्पष्ट आहे, त्यामुळे त्यांचं काम थोडं सोपं झालं आहे. पण जप्तीचं कुणालाच सोपं नसतं, हे तेही जाणतात.

एप्रिलच्या शेवटी पावणेसात लाखांवर जमलं. तीन हप्ते, शेवटचा जूनअखेर, म्हणजे गर विकून पैसे हातात आल्यावर. पुढच्या तारखांचे चेक दिले. चेक परत गेला तर चेकच्या कायद्यातल्या कलम 138 खाली फौजदारी, हे दोघांनाही ठाऊक होतं. तडजोडनाम्यात दोन वाक्यं आग्रहाने घालून घ्या: शेवटचा हप्ता मिळाल्यावर निवाड्याची पूर्ण पूर्तता झाली असं त्यांनी लिहून द्यायचं, आणि हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत आणि त्यानंतर काय, हे आकड्यात लिहायचं. तोंडी ठरलं असेल तर ते ठरलं नाही असं समजा.

तडजोडीचं दुखणं लपवत नाही. सही करताना घशात काटा अडकल्यासारखं वाटलं. आपली बाजू खरी असूनही पैसे देतोय, ही भावना कुठल्याही हिशेबाने जात नाही. बायकोला सांगताना माझा आवाज चढला होता. कोर्टात हरलो तेव्हा निदान लढलो असं म्हणता आलं होतं. ज्यांना ते समाधान हवं आहे त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. पण त्या हंगामात माझी शेड एकही दिवस बंद राहिली नाही, आणि पहिल्या वेळेनंतर बाजारात जे झालं ते दुसऱ्या वेळी झालं नाही. पहिल्या वेळी मी कोर्टात गेल्याची बातमी फिरली आणि दोन आयातदारांनी माझ्याकडे आगाऊ पैसे मागायला सुरुवात केली होती. दुसऱ्या वेळी त्याच पुरवठादाराने पुढच्या वर्षी स्वतःहून भाव कळवला.

मग आव्हान द्यावं तरी कधी? काही निवाडे असे असतात की तडजोड करणं म्हणजे अन्याय पदरात घेणं. छापील ऑर्डर फॉर्मवर "वाद झाल्यास कंपनी नेमेल तो लवाद" असं असेल आणि समोरच्याने एकट्यानेच माणूस नेमला असेल, तर आव्हान जरूर तपासा. एकतर्फी नेमणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठातून कडक भूमिका घेतली आहे. वाद निर्माण झाल्यावर तुम्ही लेखी, स्पष्ट संमती दिली नसेल तर तुम्ही लवादासमोर हजर राहिलात एवढ्यावरून हरकत संपत नाही. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि निवाडा तुमच्या गैरहजेरीत झाला, तरी आव्हान. सौद्यात नसलेली दंडाची रक्कम लावली, तरी आव्हान. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: पोतं न उघडता, नुसते कागद बघून चूक दाखवता येते.

30 एप्रिल 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा गायत्री बालसामी निकालही विचारात घ्या. तोवर कोर्टाकडे निवाडा पूर्ण ठेवणं किंवा रद्द करणं एवढेच मार्ग होते, बदल करता येत नाही असं 2021 मध्ये सांगितलं गेलं होतं. आणि रद्द झाला तरी आपल्या हातात पैसे पडत नाहीत, वाद पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. आता पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मर्यादित बदलाचा अधिकार मान्य केला. वेगळा काढता येईल असा चुकीचा भाग काढणं, हिशेबाची चूक सुधारणं, काही प्रसंगी निवाड्यानंतरचं व्याज बदलणं. तुमची तक्रार फक्त व्याजाची असेल तर आव्हानाचं पारडं पूर्वीपेक्षा थोडं जड झालं आहे, हे मी मान्य करतो. उताऱ्याच्या तक्रारीला मात्र त्याने काही मिळालेलं नाही.

सीट आपल्या जिल्ह्यातली असेल तर अंतराचा मुद्दाही थोडा हलका होतो. अर्ज आमच्या जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसला, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गची अपिलं घाट चढून कोल्हापूरला. सकाळी फोंडा घाटाने जाऊन रात्री घरी परत येता येतं. मुंबईच्या तारखेला दोन रात्री गाडीत आणि एक दिवस जायचा. पण सौदापत्रात मुंबई लिहिलं असेल तर या सोयीचा तुम्हाला उपयोग नाही.

आणखी एका प्रसंगात मी समोरच्याला कोर्टात जाऊ देईन, स्वतः शांत बसेन. तुम्ही गर विकणारे नोंदणीकृत लघुउद्योजक असाल, खरेदीदाराने पैसे थकवले असतील आणि लघुउद्योगांची थकबाकी मिळवून देणाऱ्या सुविधा परिषदेमार्फत तुमच्या बाजूने निवाडा झाला असेल, तर त्याला आव्हान देण्याआधी खरेदीदाराला रकमेच्या 75 टक्के भरावे लागतात. 2006 च्या लघुउद्योग कायद्याचं कलम 19. वर बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी सौद्याच्या आधीच करून ठेवा, नंतर केली तर अडचण येऊ शकते. आणि नुसती बी घेऊन बी विकणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंदणी केवळ अग्रक्रमाच्या कर्जापुरती आहे, तिच्यावर ही वसुली मिळत नाही. आमच्यातले बरेच जण इथे गोंधळतात. कारखाना चालवणाऱ्यांना हा आधार आहे, दलाली करणाऱ्यांना नाही.

परदेशी विक्रेत्याकडून थेट माल घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. लंडनच्या लवादाचा निवाडा असेल तर तो रद्द करणं तिथल्या कोर्टाचं काम. इथे फक्त अंमलबजावणीला विरोध करता येतो आणि तिथली कारणं आणखी अरुंद आहेत, उघड बेकायदेशीरपणाचा मुद्दाही मिळत नाही. गव्हाच्या सौद्यातल्या लंडनच्या निवाड्यावर 2013 मध्ये श्री लाल महाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. 2020 मध्ये नाफेडच्या शेंगदाणा प्रकरणात अंमलबजावणी नाकारली गेली खरी, पण तिथे सरकारने निर्यातीची परवानगीच दिली नव्हती. आणि 1980 च्या सौद्याचा शेवट 2020 मध्ये लागला, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या निवाड्यात दोष कागदावर दिसणारा असेल तर वकिलांचं ऐका आणि मुदतीत अर्ज टाका. दोष मालातला असेल आणि लवादाने तुमचं ऐकून घेऊन नाकारला असेल, तर माझ्या मते मसुदा तयार ठेवून पहिल्या महिन्यातच बोलायला बसा. तिसऱ्या महिन्यात बसलात तर समोरच्याला तुमची तारीख माहीत असते.

माझ्या सौदापत्रात आता सीट ओरोस आहे. एक नवं कलमही घातलं आहे: माल उतरल्यापासून सात दिवसांत, माझ्या गोदामात, दोघांच्या माणसांसमोर नमुना काढायचा, तीन पाकिटं करायची, सील करून एक त्यांना, एक मला, एक तिऱ्हाइताकडे. 2024 च्या हंगामात त्याच पुरवठादाराचा माणूस पहिल्यांदा असा आला. घामाघूम झाला होता तो कुडाळच्या उन्हात. काका खुर्ची घेऊन शेडच्या दारात बसले होते. त्या माणसाने सुतळी कापली, पोतं उघडलं, मूठभर बी हातावर घेतली आणि कटरखाली एकेक ठेवायला सुरुवात केली. 46 निघाला. एका पौंडाची काट त्याने तिथेच, बिलावर, स्वतःच्या हाताने लिहून दिली.